तपासणी तिची ठरली होती

आमच्या घरी नवस बोलत नाहीत. माझ्या लग्नाला दीड वर्ष झालं आणि नातेवाईक आईला बाजूला घेऊन विचारायला लागले, तेव्हा तिने अंगारा आणला नाही की कुठल्या बाबाचा पत्ता विचारला नाही. सरळ डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली. माझ्या बायकोला म्हणाली, "आपण शिकलेली माणसं आहोत. तपासून घ्यायचं, त्यात लाजायचं काय?" रक्त तपासून झालं, सोनोग्राफी झाली. मग गर्भनलिका मोकळ्या आहेत का ते पाहायची तपासणी ठरली. त्यात दुखतं, असं बायकोने इंटरनेटवर वाचलं होतं. शनिवार सकाळची वेळ मिळाली.

अडचण माझी होती. लग्नानंतरच्या दोन महिन्यांत आमचे काही प्रयत्न अर्ध्यावर संपले. पुढे मी प्रयत्न करणंही सोडलं. खराडीच्या ऑफिसात काम संपलं तरी बसून राहायचो, आणि घरी आल्यावर दमल्याचं सांगायचो. ते रोज खरं नव्हतं. बायको एका शब्दाने विचारत नव्हती. आईबरोबर रिक्षाने जायची, सुई टोचून घ्यायची, परत येऊन भाजी निवडायला बसायची. संबंध नियमित आहेत का, असं डॉक्टरीणबाईंनी तिला आईसमोरच विचारलं होतं. ती "हो" म्हणाली. हे मला आईनेच सांगितलं, सून कशी न लाजता उत्तर देते याचं कौतुक म्हणून.

मी विश्रांतवाडीत चळवळीच्या पत्रकांच्या घड्या घालत वाढलो. वडील टेलिफोन खात्यातून आले की चहा घेऊन सभेला जायचे. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर माझी गणितं व्हायची. कॉलेजात मी स्वतः एक पत्रक लिहिलं: मूल होत नसेल तर आधी बाईलाच का तपासता? गेटवर उभा राहून एकेकाच्या हातात कोंबलं. दुसरं लिहिलं ते मर्दानगीची औषधं विकणाऱ्या भोंदूंविरुद्ध. दोन्हींतलं प्रत्येक वाक्य मला पटलेलं होतं. आजही पटतं.

तरी पहिल्यांदा मी गेलो तो अशाच एका भोंदूकडे. बुधवार पेठेत हेडफोन घ्यायला गेलो, असं स्वतःलाही सांगून. जिन्यावर पोचलो तेव्हा त्याच्या माणसाने माझ्या हातात पत्रक दिलं. आमच्यापेक्षा चांगल्या कागदावर छापलेलं, आणि भाषाही थेट: तुम्ही एकटे नाही. ते वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि स्वतःचाच इतका राग आला की तसाच खाली उतरलो.

मग टिळक रोडवरच्या डॉक्टरांकडे गेलो. तोंडाने सांगता येणार नाही म्हणून पानभर लिहून नेलं होतं. ऑफिसच्या प्रिंटरवर छापायची भीती, म्हणून हाताने. डॉक्टरांनी चष्मा वर सरकवून ते शेवटपर्यंत वाचलं.

"पार्श्वभूमी आहे, कारणमीमांसा आहे, खाली मागण्या आहेत. हे कलेक्टर कचेरीत द्यायचंय का?"

"नाही. आपल्यालाच."

"मग बोला. पहाटे ताठरता येते?"

"येते."

"एकटे असताना?"

"येते."

"आणि पत्नीजवळ?"

मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी साखर, हार्मोन, सगळं तपासायला सांगितलं. आठवड्याने रिपोर्ट नॉर्मल आले आणि मी हिरमुसलो. काहीतरी सापडायला हवं होतं. एखादा आकडा, ज्याच्याकडे बोट दाखवता आलं असतं.

"गोळी लिहून देतो," डॉक्टर म्हणाले. "गोळी रक्ताचं काम करेल. तुमच्या भीतीचं ती काही करू शकत नाही. पुढच्या वेळी पत्नीला घेऊन या. बोललात त्यांच्याशी?"

"तिला माहीत आहे."

"माहीत आहे का, असं मी विचारलं नाही."

तो गुरुवार होता. शनिवारी तिला त्या टेबलावर झोपवणार होते. मी गप्प राहिलो तर माझं पत्रक, माझं शिक्षण, आमचं सगळं घरच खोटं. शुक्रवारभर ऑफिसात मी मनात वाक्यं जुळवत होतो.

संध्याकाळी सगळे बाहेरच्या खोलीत होते. वडील पेपर वाचत होते, आई फायलीत रिपोर्ट लावत होती, बायको लसूण सोलत होती. मी उभा राहिलो. सभेत उभं राहतात तसाच.

"उद्याची तपासणी रद्द करा. तिच्यात काही दोष नाही. अडचण माझी आहे, आमचे संबंध होत नाहीत. मी उपचार घेतोय. हा एक आजार आहे आणि आजाराची लाज बाळगायचं कारण नाही."

चांगलं बोललो. आवाज कापला नाही. वडील पेपर खाली ठेवून म्हणाले, "बोललास ते बरं केलंस." कार्यकर्त्याला म्हणावं तसं. आईने फाइल मिटली. ती माझ्याकडे बघतच नव्हती.

"आणि तू 'हो' म्हणालीस?" ती बायकोला म्हणाली. "डॉक्टरीणबाईंसमोर? मी शेजारी असताना?"

बायको लसणाचं ताट ठेवून आत गेली. मी मागोमाग गेलो. ती पलंगाच्या कडेवर बसली होती.

"त्यांना सांगितलंस," ती म्हणाली. "मला कधी सांगणार होतास?"

"तुला तर माहीतच—"

"काय माहीत होतं मला? मी तुला आवडत नाही, एवढंच मला माहीत होतं. तिथं कपडे वर करून पडायचे ना, तेव्हा हेच डोक्यात असायचं. आणि तू डॉक्टरकडे जातोस, उपचार घेतोस, भाषण करतोस. माझी अब्रू बाहेर मांडलीस आणि वर मलाच वाचवल्यासारखं तोंड केलंस."

दीड वर्षात या खोलीत आणण्यासारखं एकही वाक्य मी तयार केलं नव्हतं. जे तयार केलं ते बाहेरच्या खोलीसाठी होतं.

पुढच्या आठवड्यात ती माझ्याबरोबर डॉक्टरांकडे आली. स्कूटरवर मागचा दांडा धरून बसली. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं, पुरुषाच्या भीतीबद्दल, धीराबद्दल. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "डॉक्टर, ह्यांना थोडा वेळ बाहेर बसवाल?"

मी बाहेर आलो. समोर दोन पुरुष मोबाइलमध्ये डोकं घालून एकमेकांपासून जितकं लांब बसता येईल तितकं लांब बसले होते. आतून तिचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, पण ती थांबत नव्हती. मध्ये डॉक्टरांनी काहीतरी विचारलं, आणि ती पुन्हा बोलायला लागली. दाराजवळची खुर्ची रिकामी होती. तिथून कदाचित ऐकू आलं असतं. मी लांबच्या खुर्चीवर बसून राहिलो.