मावशींनी धरलेली पिसं

मोरिवलीतल्या माझ्या घरमालकीण मावशींनी त्या दुपारी हातातली गोधडी बाजूला ठेवली नसती, तर बाचा बाण आजही अर्धाच राहिला असता. म्हणून आधी त्यांचं सांगते.

बा, म्हणजे माझे वडील, सातपुड्यातल्या आमच्या पाड्यावर बाण करायचे. ते गेले तेव्हा मी इथेच, अंबरनाथला, कंपनीत पॅकिंगला होते. पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. आईने पिसं न बांधलेला एक बाण माझ्या हातात दिला. आमच्या घरात अर्धा बाण ठेवत नाहीत, करणाऱ्याचा जीव त्यात अडकतो म्हणतात. भाऊ नाही. बा बांधायचे तेव्हा पिसं धरायला मीच बसायचे. आठवीत शाळा सुटल्यावर तर रोजच. वर्षाच्या आत तो बाण पुरा करून पाड्यावर बाच्या नावाने उभ्या केलेल्या दगडापाशी ठेवायचा होता.

माझ्या खोलीत तो भांड्यांच्या फळीवर उभा असायचा.

बा बकऱ्याच्या पायाची नस वाळवून, ठेचून तिचे धागे काढायचे आणि ते तोंडात भिजवायचे. तोंड भरलेलं, म्हणून काही विचारलं की घशातूनच ‘हं’ करायचे. आता मी कामावरून येऊन कुलूप काढलं की फळीकडून तो ‘हं’ यायचा. मी काही विचारलेलं नसताना.

आधी उल्हासनगरहून जीन्स शिवायचा पक्का दोरा आणला. गाठी मारल्या, तरी पिसं घसरून फिरली. मग मटणवाल्याकडून नस आणून पत्र्यावर वाळत घातली. मावशींनी पाहिलं.

“अगो, कंपनीन जातंस का शिकारीला?”

फळीवरच्या ‘हं’सकट सगळं खरं सांगितलं, तशा त्या घरात गेल्या. थोड्या वेळाने आपल्या कोंबड्याची गळलेली पिसं घेऊन आल्या. पण नस वाळल्यावर ठेचून काढलेला धागा मी तोंडाकडे नेला, तसा त्यांनी माझा हात धरला.

“मेलेल्या बापाला उष्टं देशील? पाण्यान भिजव.”

मलाही भीती वाटली. वाटीत भिजवला. बुळबुळीत धागा पकड घेईना. बांधला, सुटला. पुन्हा बांधला, पुन्हा सुटला. एक पीस मोडलं. दुसऱ्या दिवशी गावी निघायचं होतं. मला रडू फुटलं, तशा मावशी म्हणाल्या,

“तुझा बाप कसा करायचा? तोंडान घालूनच ना? मंग घाल. लेकीचं उष्टं टाकनार हाय का तो?”

शिवत असलेली गोधडी बाजूला सारून त्या समोर बसल्या, माझ्या जुन्या जागी, आणि पिसं बोटांनी दाबून धरली. मी बाच्या जागी. थुंकीने धागा चिकट झाला, वेढ्याला वेढा लागत गेला. शेवटी गाठ नसते. टोक अंगठ्याने दाबून ठेवायचं; वाळताना नस आपली आपण आवळते.

“डोलं दुखतान का गो?” मावशींनी विचारलं.

“हं,” मी केलं.

तोच आवाज. मावशींनी झटकन फळीकडे पाहिलं. मीही पाहिलं. पण पिसं त्यांनी सोडली नाहीत.

बाण आता बाच्या दगडापाशी आहे. फळी रिकामी आहे, तरी कुलूप काढताना माझा हात अजून थबकतो.

मावशींना हल्ली सुईत दोरा ओवता येत नाही. ती गोधडी तशीच अर्धी पडलीय. उद्या मी कुठेही कामाला जाईन, पण ती अर्धी राहू देणार नाही. शेवटचा टाका मी येऊन घालीन.