तिनंच पास केलेलं पाणी

प्रयोगशाळेत तिला सगळे फुटपट्टीबाई म्हणायचे, तेही तोंडावर. बावीस वर्षं पाण्यातलं शिसं मोजण्यात गेली. तिची सही म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. म्हणून मागच्या महिन्यात तिनं नणंदेच्या वस्तीतल्या बोअरचं पाणी पास केलं, तेव्हा कुणी ब्र काढला नाही. लिटरमागे सहा मायक्रोग्रॅम. चालतं दहापर्यंत.

त्याच बोअरचा या महिन्याचा नमुना काचपात्रात आटवला, तर तळाशी मिठाची खरपुडी.

शिसं प्रकाश किती शोषतं, त्यावरून यंत्र आकडा सांगतं. पण एवढ्या मिठात शिशाचा आवाज दबतो, आकडा खऱ्याहून कमी दिसतो. आणि तिनं ताडून पाहिलं होतं ते शुद्ध पाण्यात शिसं घालून आखलेल्या रेषेशी!

"बाई, मागच्यासारखाच सहा आलाय ना? मग टाका सही. कशाला नसता भुंगा लावून घेता?" साहेब म्हणाले.

"शंका आहे साहेब. आणि ती माझ्यावरच आहे."

तिनं चार बाटल्यांत तेच खारं पाणी सारखं घेतलं. पहिलीत काही नाही. पुढच्या तिघींत लिटरमागे पाच, दहा, पंधरा मायक्रोग्रॅम होईल इतकं शिसं मोजून. आता मीठ दाबणार तर चौघींनाही सारखंच दाबणार. चार ठिपके जोडले. रेघ नेहमीच्या निम्म्यानंच चढत होती. तीच मागं, शून्याच्याही पलीकडं ओढली, तर तळाला टेकली ती बारावर.

म्हणजे पाण्यात मुळातच शिसं बारा! सहाच्या दुप्पट.

"मागच्या रिपोर्टवर सही तुमचीच आहे, कळतंय ना?" साहेबांनी आवाज खाली आणला.

"कळतंय म्हणूनच तोही चुकला असं लिहितेय. कागद माझी अब्रू झाकायला नाही छापलेला."

मग तिनं नणंदेला फोन लावला.

"ते पाणी पिऊ नका. मी चुकले."

"अहो वहिनी! तुमच्या शब्दावर मी भांडून टँकर बंद करवला. आता वस्तीत काय तोंड दाखवू?"

"माझं नाव सांग. संध्याकाळी मी स्वतः येते, शिव्या मला घालू देत. आधी भरलेलं ओतून दे."

पलीकडं मोरीत पाणी पडल्याचा आवाज आला.

"पोरीच्या बाटलीतलंही?"

"तिचं सगळ्यात आधी गं."