रिकामी दिसणारी शिशी आणि काखेतली खपली

मंडळी, आज डोकं पार फिरलं आहे, म्हणून लिहून राह्यली.

लांजीकडच्या गावांत स्क्रब टायफसचा ताप निघाला आहे. गोचिडाच्या जातीचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा किडा चावला की तो होतो. आम्ही तापाचा तपास करणाऱ्यांनी उंदरांच्या कानांतून असे किडे काढून शिश्यांत ठेवले. दिसायला सगळे सारखेच, म्हणून रोगवाला कोणता ते डीएनए तपासूनच कळते. ती तपासणी नागपूरला होते.

आज बालाघाटच्या बसस्टँडवर पार्सल द्यायला गेली. काउंटरवरच्या भाऊंनी शिशी उजेडात धरली.

"मॅडम, इसमें तो कुछ है ही नहीं."

"आहे भाऊ. तापाचे किडे आहेत, मेलेले."

"मग नाही घेत. बीमारीचं सामान चालत नाही."

आत्ता रिकामी असलेली शिशी एका मिनिटात बीमारी झाली. मी भांडत राह्यली.

मागून एका बाईनं विचारलं, "ताई, कोणता ताप म्हणता? माह्या पोरीचा उतरूनच नाही राह्यला."

पोरगी बाकावर निजली होती. दवाखान्यातून मलेरियाच्या गोळ्या घेऊन दोघी गावी परत निघाल्या होत्या. हा किडा बहुतेक काखेत नाही तर जांघेत चावते अन् तिथे खपली धरते, म्हणून मी पोरीची काख पाहिली. बिडीचा चटका लागल्यासारखी काळी खपली होती.

पार्सल राहिलं. दोघींना रिक्षात बसवून दवाखान्यात परत नेलं. डॉक्टरनं खपली पाहून लगेच औषध सुरू केलं.

"आधी काहून नाही सांगितलं?" त्यांनी बाईलाच विचारलं.

"आधी कोणी पाहिलंच नाही," ती म्हणाली.

तुमच्याकडे ताप आल्यावर कोणी काख पाहते काय?