दादांच्या वाट्याचा तुकडा

दिलीपदादा गेल्याचा फोन आला, तेव्हा मी एका हॉटेलच्या साइटसाठी फोटो लहान करत बसले होते. "सकाळी छातीत दुखलं म्हणाले, आणि दवाखान्यात नेईपर्यंत…" दादांच्या बायकोचा, मंगलावहिनींचा आवाज होता. मी हातातलं काम आधी सेव्ह केलं आणि मग उठले. याची मला अजून लाज वाटते.

दादा शिरपूरकडचे. सिल्वासाला आले ते सूत कारखान्यात कामाला. सुट्टीच्या दिवसांत संगणक शिकले आणि सामरवरणीत एक गाळा घेऊन वेबसाइट बनवू लागले. मी तिथली पहिली मदतनीस आणि कायमची भांडखोर. मोठा फोटो पानावर टाकण्याआधी दादा त्याचे तुकडे कापायचे आणि एकेक तुकडा वेगळ्या दर्जात सेव्ह करायचे. आभाळ, भिंत, झाडं धूसर आणि हलकी. चेहरे मात्र स्वच्छ. पान उघडलं की तुकडे शेजारीशेजारी बसून चित्र पुरं व्हायचं. "दादा, आता हे कोणी करत नाही," मी चिडायचे. "तिकडं आडबाजूला खानवेलला नेट कसं चालतंय ते बघ ना आधी," असं म्हणून ते खरोखरच बसनं खानवेलला जायचे आणि आपल्या जुनाट मोबाइलवर पान उघडून बघायचे. डिस्क कायम भरलेली, म्हणून कापून झालं की मूळ फोटो उडवून टाकायचे. यावरून आमचं किती वेळा वाजलं असेल!

दहाव्यानंतर वहिनींनी मला बोलावलं. घरात दादांचे दोनच फोटो, लग्नातला आणि आधारवरचा. दोन्हींत माणूस रागावलेला. "हसता फोटो पाहिजे गं," त्या म्हणाल्या. "ते हसायचे कसे, तेच विसरेन की काय, अशी भीती वाटते."

कॅमेरा कायम दादांच्याच हातात असायचा. पण खानवेलजवळच्या एका शाळेची साइट केली, तेव्हा गुरुजींनी त्यांना हाताला धरून मुलांच्या कडेला उभं केलं होतं. बटण मी दाबलं होतं, आणि दादा अगदी खळखळून हसत होते. मूळ फोटो अर्थातच उडवलेला. साइटवर त्याचे बारा तुकडे होते.

ते उतरवून मी जोडले. मुलांचे दातसुद्धा मोजता येतील इतके चेहरे स्वच्छ. उजव्या टोकाच्या तुकड्यात आंब्याचं झाड, आभाळ आणि दादा. तो तुकडा त्यांनी आभाळाच्याच दर्जात सेव्ह केला होता. चेहऱ्याच्या जागी नुसते चौकोन… पान हलकं व्हावं म्हणून या माणसानं स्वतःवरच कात्री चालवली होती! आधी संताप आला, मग रडू.

शेवटी हल्ली मिळतं तसलं, अंदाजानं चित्र पुरं करणारं एक ॲप वापरून मी तो चेहरा स्वच्छ करून घेतला आणि दोन्ही प्रती वहिनींपुढं ठेवल्या. स्वच्छ फोटो त्यांनी बराच वेळ पाहिला.

"हाऊ कोन शे?" हा कोण, असं त्यांनी अहिराणीत विचारलं.

मग त्यांनी दुसरी, चौकोनांची प्रत उचलली, हातभर लांब धरली, डोळे बारीक केले… आणि हसल्या.

तीच भिंतीवर लागली आहे. जवळ गेलं की दादा चौकोनांत विरून जातात, दाराशी उभं राहिलं की हसतात. वहिनींनी आपली खुर्ची दाराशी नेऊन ठेवली आहे.