लाखेचा जोड

आमच्या डोणगावच्या वाचनालयात भाजक्या मातीची एक बाई होती. हातभर उंच, जात्यावर बसलेली, पदर खोचलेला, एक पाय लांब सोडलेला. गावातल्या म्हाताऱ्या कुंभाराने ती घडवली होती. पुढे वर्षभरात त्याचा उजवा हात लुळा पडला आणि तो लेकीकडे दुसऱ्या गावी राहायला गेला, त्यामुळे त्याच्या हातची ती शेवटचीच. देवांच्या मूर्ती गावोगाव असतात. राबणाऱ्या बाईची मूर्ती मी दुसरी पाहिलेली नाही. तिच्यावर मी एक पत्रकही काढलं होतं.

फोडलीही मीच. नवं मराठी राज्य होऊन दोनेक वर्षं झाली होती. सभेचा कापडी फलक बांधताना स्टुलावर माझा तोल गेला आणि कोपर तिला लागलं. पाच तुकडे झाले. कुंभाराला सांगायची छाती झाली नाही. रस्त्यावर पुलाचं काम चालू होतं. सरकारी माल म्हणजे जनतेचा माल, असं मिस्त्रीला पटवून मी दोन ओंजळी सिमेंट आणलं आणि आधी डोकं जोडून टाकलं. सकाळी पाहतो तर मान वाकडी आणि गळ्याभोवती राखाडी गाठ. त्याच दिवशी कुंभाराच्या लेकीचा निरोप आला : बाबा रोज त्या बाईचं नाव काढतात, येत्या बाजाराच्या दिवशी बैलगाडीतून आणते त्यांना, ती दाखवायला.

मी तुकडे टोपलीत भरून मणियारांच्या आळीत गेलो. तिथली म्हातारी चाची लाखेच्या बांगड्या करायची आणि गावाच्या फुटक्या बरण्याही जोडून द्यायची. तिने सिमेंटावर नख घासून पाहिलं आणि हे कोणी केलं म्हणून विचारलं. मी म्हणालो, मीच केलं, मजबूत असावं म्हणून.

"मजबूत तं हाय. तेच वाईट हाय," ती म्हणाली. "जोड मातीहून कच्चा पायजे, बाबू. उद्या पुन्हा पडली तं जोड सुटला पायजे. बाई नाही फुटली पायजे."

मी पत्रकांवर वाढलेला. एकजूट पोलादी आणि निर्धार वज्राचा, एवढंच मला ठाऊक. कच्चेपणाची बाजू घेणारं माणूस मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

पाणी लावून सुईने खरवडत तिने तीन दिवसांत ते सिमेंट काढलं. मातीचा कणही सुटू नये म्हणून चार वेळा खरवडलं की थांबून बोट फिरवून पाही. मग शेगडीवर तुकड्यांच्या कडा ऊन केल्या आणि विटेची पूड घातलेल्या लाखेने एकेक बसवला. जोडाच्या रेघा फिक्या दिसत होत्या. मी म्हणालो, वरून गेरू फासा, म्हाताऱ्याला कळणार नाही. तिने माझ्याकडे पाहिलं.

"त्याचा हात त्याचा, माहा हात माहा. त्यात खोटं कशाले मिसळू?"

जात्याच्या खुंट्यावरचं एक बोट सापडलंच नव्हतं. तेही तिने केलं नाही. कसं होतं ते आपल्याला माहीत नाही, म्हणाली.

बाजाराच्या दिवशी मी गाडी चाचीच्याच दारात थांबवली. म्हाताऱ्याने डाव्या हाताने मूर्ती चाचपली. मान, खांदा, गुडघा. प्रत्येक रेघेवर त्याचं बोट थांबलं. खुंट्यापाशी ते बराच वेळ फिरत राहिलं. चाचीने विचारलं, बोट वाकडं होतं का सरळ, सांगा, आता करून देते.

"मलेच आठवत नाही," तो म्हणाला. "राहू दे. दळते ते चार बोटांनी." मग त्याने विचारलं, पाडली कोणी.

मी पुढे झालो. सिमेंटाचंही सांगितलं. तो माझ्या हातांकडे पाहत राहिला.

"लिहिनारे हात दिसतात," तो म्हणाला. लेक हसली, चाचीही हसली. मला वाटलं, आता मूर्ती तो घरी नेणार. त्याने ती माझ्याकडे सरकवली.

"ने वाचनालयात. बुडाले धरजो. मानीले हात लावू नको."

मी भर बाजारातून ती छातीशी धरून नेली. कोणी हाक मारली तरी मान वळवली नाही.