काकांनी गाडीला दिलेलं औषध

आमच्या श्रीपतकाकांच्या मते गाडी कधी आजारी पडत नाही. माणसंच तिच्यावर संशय घेतात.

माझे वडील लवकर गेले. तेव्हापासून मला आणि आईला काकांनीच सांभाळलं, त्यामुळं घरात त्यांना उलटून बोलायची पद्धत नव्हती. नव्वदच्या दशकात कधीतरी त्यांनी एक जुनी डिझेल पिकअप घेतली. सकाळी मार्केट यार्डातनं कांदे-बटाटे पोचवायचे आणि उरलेला दिवस मंगळवार पेठेत आमच्या दारात बॉनेटमध्ये डोकं घालून उभं राहायचं, असा त्यांचा क्रम. मला त्यांचा फार धाक आणि त्याहून जास्त कौतुक. मी कामाला चष्म्याच्या दुकानात. आलेल्या माणसाला 'आता खालची ओळ वाचा' म्हणायचं, एवढंच माझं तंत्रज्ञान! माझा स्वतःचा नंबर असा, की चष्मा काढला तर तो कुठं ठेवला ते शोधायला दुसरा चष्मा लागायचा.

मला बायको पाहिजे होती. उगाच आडवळणानं कशाला सांगू? मुली बघून होत होत्या आणि नकार येत होते, पण त्यात माझा काही दोष नव्हता (असं आई अजूनही म्हणते). प्रत्येक वेळी आम्ही पिकअपमधनं जायचो आणि चहावर साय धरेपर्यंत काका मुलीच्या वडलांना पिकअपचं वर्णन ऐकवायचे. मलकापूरला तर त्यांनी त्या गृहस्थांना गाडीखाली उताणं झोपवून चेसी दाखवली. गृहस्थांनी इस्त्रीचं पांढरं धोतर नेसलेलं होतं. आम्ही मलकापूर सोडायच्या आधीच नकार हातात पडला.

अशात आजऱ्याचं स्थळ आलं. वडलांची भाताची गिरणी, एकुलती एक मुलगी, नाव शालन. फोटो मागितला तर वडलांनी निरोप पाठवला, "आमच्यात फोटो द्यायची रीत न्हाय. या आणि डोळ्यानं बघा." आईनं निघायच्या आधी काकांना दारातच अडवलं.

"भावजी, आज गाडीबद्दल एक शब्द बोलायचा न्हाय. हे स्थळ गेलं तर पोरगं असंच ऱ्हातंय."

"वहिनी, मी कशाला बोलू? गाडीच बोलंल की," काका म्हणाले.

आणि गाडी खरंच बोलली. कागल मागं पडलं आणि केबिनमध्ये भट्टी पेटल्यासारखं व्हायला लागलं. मे महिना होता, त्यामुळं आधी कुणाला काही वाटलं नाही. मग पायाखालचा पत्रा इतका तापला, की मी नवे बूट घातलेले पाय उचलून आईच्या पिशवीवर ठेवले. समोर डॅशबोर्डवर काकांनी जोतिबाचा स्टिकर चिकटवला होता. तो बघता बघता आतनं लाल उजळायला लागला. 

"काका, जोतिबा लाल झालाय."

काकांनी स्टेअरिंग सोडून दोन्ही हात जोडले. "परसन्न झाला बघ दिन्या. आज काम हुतंय."

(त्या स्टिकरच्या मागं इंजिन तापल्याचं सांगणारा दिवा होता. तो डोळ्यावर येतो म्हणून काकांनीच देवाला तिथं बसवलं होतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं.)

गडहिंग्लजच्या अलीकडं बॉनेटच्या दोन्ही बाजूंनी वाफ निघायला लागली तेव्हा मात्र काकांनी गाडी झाडाखाली घेतली. आमच्या जिल्ह्यात बंद पडलेली गाडी एकटी कधी उभी राहत नाही. काका खाली उतरायच्या आत शेजारच्या उसातनं माणसं निघाली.

"पावणं, काय झालं?"

"काय न्हाय. विसावा घेतलाय."

"विसावा कसला? चुलीगत धूर निघतोय की."

एकजण म्हणाला पंख्याचा पट्टा ढिला असणार. दुसऱ्यानं इंजिनाचं हेड गेलं म्हणून जाहीर केलं आणि आईकडं बघून सहानुभूतीनं मान हलवली. तिसऱ्याला डिझेलात भेसळ दिसली. सायकलवरनं चाललेला एक म्हातारा तर न थांबताच "इकून टाका" म्हणून पुढं गेला. काकांनी सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "ऊन लागलंय तिला."

मग त्यांनी विहिरीवरनं बादली आणली आणि म्हैस धुतात तशी गाडी वरनं धुवायला घेतली. बॉनेट चरचरलं. त्यातल्या एका शहाण्या माणसाला राहवेना.

"आवो, वरनं काय आंघूळ घालताय? रेडिएटरात वता की पाणी."

"आत वतायचं न्हाय," काका म्हणाले. "आत औषध हाय."

"कसलं औषध?"

काकांनी नुसतं आभाळाकडं बघितलं. मी तर भारावूनच गेलो. एवढी विद्या या माणसाकडं आहे आणि आपण याच्या घरात राहून लोकांना ओळी वाचायला लावतो, असं वाटून मला स्वतःची लाज वाटली.

तिथनं पुढं प्रत्येक झाडाखाली थांबत, आंघोळी घालत आम्ही दुपारी आजऱ्याला पोचलो. घराला लागूनच गिरणी, पुढं मोठं खळं, आणि खळ्यावर नुकतंच वाळत घातलेलं भात. शालनचे वडील आप्पा पांढरी टोपी घालून दारात उभे होते. आमची गाडी शिट्टी मारत आत शिरली तसे ते दोन पावलं मागं सरले.

"गाडी तापलीया वाटतं," ते सहज म्हणाले.

आईनं डोळे मिटले. तिला पुढचं सगळं दिसलं असावं.

"तापली न्हाय आप्पासाहेब, दमलीया. आत काय हाय ते आत्ता दावतो तुमास्नी," काका म्हणाले. "दिन्या, बॉनेट धर."

मी बॉनेट धरलं. काकांनी खांद्यावरचा टॉवेल रेडिएटरच्या झाकणावर गुंडाळला. आप्पा "गरम हाय, हात लावू नगासा" म्हणेपर्यंत त्यांनी झाकण फिरवलंसुद्धा.

मी आयुष्यात तसं काही बघितलं नव्हतं आणि नंतरही बघितलं नाही. आधी नुसता आवाज आला. मग झाकण वर गेलं, टॉवेल वर गेला, आणि त्यांच्यामागोमाग पाण्याचा एक खांब गिरणीच्या पत्र्याच्या वर जाऊन क्षणभर तिथंच थबकला. खांब पिवळाधमक होता. उन्हात सोन्यासारखा चमकत होता. एवढं सुंदर काहीतरी आमच्या पिकअपमध्ये होतं आणि आपल्याला पत्ता नव्हता, हाच विचार माझ्या मनात आला, आणि मग तो खांब आमच्यावर कोसळला. वर गेला तेव्हा उकळता होता, खाली येईपर्यंत कोमट झाला होता, म्हणून आज हे सांगायला मी शिल्लक आहे.

मी पिवळा झालो. काका पिवळे झाले. आईचं लुगडं, आप्पांची टोपी, खळ्यावरचं अर्धं भात, सगळं पिवळं! माझा चष्मा उडाला, आणि लगेच करकर असा आवाज आला. मागं उडी मारताना काकांनी त्याच्यावरच पाय ठेवला होता. मला आजरा दिसायचा बंद झाला.

आता इथनंही नकार, असं मी मनाशी म्हटलं. तेवढ्यात एक आवाज आला. बाईमाणसाचा, तरुण, आणि असा खणखणीत, की माझी पाठ आपोआप ताठ झाली.

"मागं सरा सगळी. कुणाला भाजलंय का?"

कुणाला भाजलं नव्हतं.

"मग इंजन बंद करा आधी. ते अजून चालूच हाय."

काकांनी इंजिन बंद केलं. काकांना कुणी काही सांगतंय आणि ते करतायत, हे मी जन्मात पहिल्यांदा अनुभवलं (बघितलं म्हणता येत नाही). आवाज गाडीजवळ गेला. "पट्टा घट्ट हाय. पंख्याची पाती धड हाईत." मग ओलं फडकं कुठंतरी लागल्याचा चर्र आवाज. "वरचा पाईप भाजतोय. खालचा गार हाय. आप्पा, हे आपल्या गिरणीच्या इंजनागतच झालंय. पाणी वरनं येतंय, पर खाली उतरत न्हाय. मधी काय तरी कोंडलंय."

"काय कोंडंल?" आप्पांनी विचारलं.

याचं उत्तर आईनं दिलं. ती मला खेटूनच उभी होती, आणि तोंडावरचं पाणी पदरानं पुसून आता तो पदर हुंगत होती.

"भावजी," ती म्हणाली, "ही माझी वर्षाची हळद हाय."

काकांनी घसा साफ केला. प्रकार असा होता, की रेडिएटर थोडा गळत होता, आणि मार्केट यार्डातल्या एका ड्रायव्हरनं त्यांना सांगितलं होतं, चमचाभर हळद टाका, बारीक भोक बुजतं. चमचाभर हळदीनं गळती थांबते तर डबाभर हळदीनं कायमचीच थांबेल, हा काकांचा स्वतःचा शोध. गळती खरोखर थांबली होती. पण सोबत रेडिएटरच्या सगळ्या नळ्याही बुजल्या होत्या.

"सगळा डबा?" आवाजानं विचारलं.

"तळाला जरा ऱ्हायली," काका म्हणाले.

यावर आप्पा जे हसायला लागले ते ओट्यावर बसेपर्यंत हसले. आवाज मात्र हसला नाही. त्यानं खालचा पाईप सोडवला, गिरणीच्या टाकीची नळी आणायला लावली आणि उलटं पाणी सोडलं. आतनं पिठलं बाहेर पडल्यासारखा आवाज यायला लागला. पाणी ओतायला काका, नळी धरायला आप्पा, आणि हुकूम सोडायला तो आवाज. मी हरखून ऐकत उभा होतो. मला अजून नीट कळलं नव्हतं, की ही कोण? शालन, की तिची आत्या, की शेजारीण? आईच्या कानाला लागून मी विचारलं.

"पोरगीच हाय ती, मुडद्या," आई म्हणाली. "बघ की तिच्याकडं."

"दिसत न्हाय. कुठाय?"

"तुझ्या म्होरं. हिरवं लुगडं."

समोर एक हिरवा ठिपका होता. मी चेहरा जमेल तेवढा गोड करून त्याला नमस्कार केला.

"ते पोत्यावरचं फडकं हाय," बाजूनं आवाज आला. "मी हिकडं हाय."

मी वळलो. इथं मला खरी भीती वाटली. आतापर्यंत मला बायको पाहिजे होती. आता मला हीच पाहिजे होती, आणि मी नखशिखांत पिवळा होऊन एका पोत्याला नमस्कार केला होता.

"तुमी चष्म्याच्या दुकानात हायसा न्हवं?"

"व्हय."

"मग चष्मा कुठाय?"

"काकांच्या पायाखाली."

"गाडीतलं काय कळतंय?"

"काय न्हाय."

"मग झाकण उघडताना तितं कशापायी हुबं ऱ्हायलासा?"

"काका म्हणाले, बॉनेट धर."

"काका म्हणतील ते करतासा?"

हो म्हणावं तर हातची मुलगी जाणार, नाही म्हणावं तर ज्यांनी लहानाचं मोठं केलं त्यांचा चारचौघांत पाणउतारा होणार. काका माझ्या शेजारीच उभे होते. त्यांच्या अंगाला कच्च्या हळदीचा वास येत होता.

"करतो," मी म्हणालो. "त्यांनी वाढवलंय मला. ते म्हणाले तर उद्या पुन्हा धरीन. पर झाकण तुमी सांगितल्याबिगर कुणाला उघडू देणार न्हाय."

काकांनी नाक ओढलं. हिरव्या-काळ्या धुक्यातनं पावलं आत गेली. आप्पा तिच्या मागोमाग गेले. आत बराच वेळ कुजबुज चालली होती. आईनं माझा हात इतका घट्ट धरला, की तिच्या बांगड्या मला रुतल्या. शेवटी आप्पा बाहेर आले.

"पोरगी व्हय म्हणतीया."

आई रडली. काका आप्पांना मिठी मारायला गेले आणि आप्पांची उरलीसुरली पांढरी बाजूही पिवळी केली. मी काय केलं ते मला आठवत नाही, पण पुन्हा एकदा पोत्याकडंच हसून बघितलं असं आई सांगते. येताना गाडी एकदाही तापली नाही. वाटेत आईनं विचारलं, "पोरगी कशी वाटली रं?" मी म्हटलं, "आवाज चांगला हाय."

साखरपुडा आणि लग्न एकाच दिवशी उरकायचं ठरलं, त्यामुळं मधल्या काळात आमची गाठ पडली नाही. लग्नाच्या दिवशी मी आंघोळ करून, नवा चष्मा लावून उभा राहिलो. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट बाजूला झाला आणि मी माझी बायको पहिल्यांदा बघितली. काय सांगू? मी बघतच राहिलो. हात तसेच, हार तसाच, भटजी दोनदा खाकरले तरी मला भान नाही. तीही माझ्याकडंच बघत होती, पण तिच्या कपाळाला आठी होती.

"त्या दिशी आलते ते तुमीच काय?" तिनं हळूच विचारलं.

"व्हय. मीच."

तिनं मला वरपासनं खालपर्यंत एकदा नीट पारखलं, हार माझ्या गळ्यात घातला आणि उसासा टाकला.

"पिवळं हुतासा तवा बरं दिसत हुतासा."