स्क्रूकाकांची पेटी

इस्पितळाच्या स्टोअरमध्ये एकवीस वर्षं काढलेल्या या गृहस्थांना सगळे स्क्रूकाका म्हणत आणि काका ते नाव पदवीसारखं मिरवत. मणक्याच्या ऑपरेशनला लागणारा प्रत्येक स्क्रू त्यांच्या हातून जाई. घरच्या कपाटाची ढिली कडी मात्र चार वर्षं तशीच लोंबकळत होती. त्यावरून बायको रोज टोमणे मारी.

त्या आठवड्यात काका अस्वस्थ होते. पाठ उघडून करायचं जुनं ऑपरेशन आणि बारीक छेदातून करायचं नवं, यांतलं कुठलं इस्पितळाला महाग पडतं याचा तक्ता हिशेबनीसबाईंनी मांडला होता. नवं जवळजवळ दुपटीनं महाग. शुक्रवारच्या बैठकीत ते बंदच होणार होतं. काकांना काही पटेना. नव्या पद्धतीचे पेशंट तिसऱ्या दिवशी स्वतःच्या पायांनी दारातून बाहेर पडताना त्यांनी पाहिले होते.

त्यांनी तक्त्याशेजारी आपलं रजिस्टर उघडलं आणि कपाळाला हात लावला. जुन्या ऑपरेशनचे स्क्रू स्टोअरमधून मोजून जात. नव्यासाठी कंपनी चाळीसची अख्खी पेटी पाठवी. लागत चार, बाकीचे परत. पेटी आल्याची नोंद काका संगणकात करत. परत गेल्याची मात्र फक्त लाडक्या रजिस्टरात, कारण संगणकावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. म्हणजे कागदोपत्री प्रत्येक पेशंटच्या पाठीत चाळीस स्क्रू!

गप्प बसले असते तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण बैठकीत काका उभे राहिले, चूक आपली असं म्हणाले आणि रजिस्टर पुढे सरकवलं.

हिशेबनीसबाईंनी चष्मा चढवून पानं चाळली. "अहो काका, चाळीस स्क्रूंच्या माणसाला लोहचुंबकानंच ओढत घरी न्यायला हवं."

"टायटॅनियमचे आहेत बाई," काका ताठ होत म्हणाले, "चुंबकाला दाद देत नाहीत."

सगळे हसले. बाईंनी तिथंच बेरीज पुन्हा केली. नवं ऑपरेशन अजूनही थोडं महागच निघालं, पण जुन्याच्या मानानं खाटेचे वाचलेले पाच दिवस धरल्यावर एकूण खर्च कमी. ते चालू राहिलं.

बाहेर पडताना ही ऑपरेशनं करणाऱ्या सर्जनबाई थांबल्या. "काका, आज माझ्यापेक्षा जास्त पाठी तुम्ही वाचवल्यात."

घरी काकांनी ते वाक्य बायकोला तीनदा ऐकवलं. तिसऱ्यांदा तिनं डोळे पुसले आणि शांतपणे त्यांच्या हातात स्क्रूड्रायव्हर ठेवला.